डॉक्टरांच्या पेनाला लागलेल्या सवयी

धडगाव परिसरातल्या एखाद्या पाड्यावरून रुग्ण निघतो. बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडली तर नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय. या प्रवासात गाडी बदलते, सोबतचा नातेवाईक बदलतो, डॉक्टरही बदलतो. शेवटपर्यंत सोबत राहतो तो एक कागद. कधी तो पुढे धुळ्याला किंवा सुरतेला जातो. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी होऊन दक्षिण गुजरातेतही पोहोचतो.

हा कागद कोण कोण वाचतं ते पाहा. ड्युटी बदलल्यावर आलेली सिस्टर, मेडिकलच्या काउंटरवरचा फार्मासिस्ट, गावातली आशाताई, दुसऱ्या राज्यातला अनोळखी डॉक्टर आणि बऱ्याच घरांत आश्रमशाळेत शिकणारा नातू. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी बोलली जाते. मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्याहून लांब असते. डॉक्टर मात्र लिहिताना यांच्यापैकी कोणालाही डोळ्यांसमोर आणत नाही. कॉलेजात भराभर नोट्स काढताना लागलेल्या सवयीनेच तो चिठ्ठी लिहितो.

या सवयींवर विनोद पुष्कळ झाले. त्यांची किंमत मात्र रुग्ण मोजतात आणि कधी कधी रुग्ण गेल्यावर त्यांचं कुटुंब मोजतं. त्यातल्या चार सवयी आम्हा डॉक्टरांनी सोडायलाच हव्यात: न लागणारं अक्षर, दोन-तीन अक्षरांचे संक्षेप, बेफिकीर आकडे आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यातले पोकळ शब्द.

दोष अक्षराचा की घाईचा?

डॉक्टरांचं अक्षर मुळातच वाईट असतं, असा सर्वांचा समज आहे. १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे तपासलं गेलं. डॉक्टरांचं अक्षर आरोग्यसेवेतल्या इतरांपेक्षा कमी वाचनीय असल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे हात सगळ्यांचे सारखेच. फरक कामाच्या गर्दीत आहे आणि चुकीच्या परिणामात आहे. इतर कार्यालयांत एखादा शब्द लागला नाही तर फाइल अडते, इथे चुकीचं औषध पोटात जातं.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९९५ मध्ये एका रुग्णाला छातीतल्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी 'आयसॉर्डिल' लिहून दिलं. फार्मासिस्टला ते 'प्लेंडिल' वाटलं. प्लेंडिल हे रक्तदाबाचं औषध. आयसॉर्डिलच्या मात्रेने ते दिलं गेलं आणि ही मात्रा प्लेंडिलच्या कमाल मात्रेच्या कितीतरी पट होती. रुग्ण दगावला. १९९९ मध्ये तिथल्या ज्यूरीने फार्मासिस्टबरोबर डॉक्टरलाही जबाबदार धरलं. डॉक्टरने निवडलेलं औषध बरोबर होतं. तरी त्याच्या अक्षरामुळे तो दोषी ठरला.

आपल्याकडे हा धोका वाढतो तो सारख्या नावांमुळे. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मेंदूच्या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. आजार एक, पण औषधं वेगळी. औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा अधिक कडकपणे तपासायला हवं, कारण इथला गोंधळ जिवावर बेततो, ही भूमिका न्यायालयाने २००१ मध्ये घेतली. सातपुड्यात मलेरियाचे रुग्ण पाहणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

नियमही आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती केली. औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, असं त्यात म्हटलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नियम, निकाल सगळं झालं. उरली आहे ती सवय.

संक्षेप आणि आकडे

'ओडी', 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' ही अक्षरं चिठ्ठीवर सगळ्यांनी पाहिलेली असतात. ती लॅटिन भाषेतून आली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. पण नेत्रविभागात 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. एकाच रुग्णालयाच्या दोन खोल्यांत एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतील, तर गावातल्या आशाताईने तो कसा लावावा?

काही संक्षेप याहून घातक आहेत. इन्सुलिनची मात्रा युनिटमध्ये मोजतात आणि 'युनिट'ऐवजी नुसतं इंग्रजी 'यू' लिहायची जुनी खोड आहे. हा यू घाईत शून्यासारखा दिसतो. दहा युनिटांचे शंभर होतात आणि रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये 'वापरू नका' अशा संक्षेपांची यादीच काढली. त्यात हा यू आहे. दशांशचिन्हानंतरचं अनावश्यक शून्यही आहे, कारण '५.०' मधला ठिपका पुसट झाला की ५० उरतात. '.५' च्या आधी शून्य न लिहिणंही त्याच यादीत आहे. ठिपका हरवला की अर्ध्याचे पाच होतात.

थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे, पण संक्षेपात तो एका अक्षरावर येतो. संधिवात आणि सोरायसिससाठी देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार करणारा अस्थिमज्जा दबतो आणि मृत्यूही येऊ शकतो. अशा औषधापुढे 'आठवड्यातून एकदा' एवढंही पुरेसं नाही. 'दर सोमवारी एक गोळी, इतर दिवशी नाही' असं वाराचं नाव घालून लिहावं.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. इंग्रजी नऊचा आकडा आणि मराठीतला १ दिसायला सारखे. घाईत लिहिलेला इंग्रजी आठ हा मराठीतल्या ४ सारखा दिसू शकतो. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी आकड्यांतलं 'दर आठ तासांनी' हे 'दर चार तासांनी' वाटलं, तर औषध दुप्पट जाईल. त्यात त्याचा दोष काय? म्हणून मात्रा आकड्याबरोबर अक्षरांतही लिहावी, बँकेच्या चेकवर लिहितो तशी. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळी उगवता सूर्य, दुपारी डोक्यावरचा सूर्य आणि रात्री चंद्र अशी चित्रं काढायला दहा सेकंद लागतात. ही चित्रं भिलीतही कळतात आणि गुजरातीतही.

'हृदय बंद पडलं' हे कारण नव्हे

चौथी सवय सामान्य वाचकाच्या नजरेला सहसा पडत नाही, पण तिचे परिणाम सर्वांत दूर जातात. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरला मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र भरावं लागतं. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. या रकान्यात अनेकदा एकच ओळ दिसते: 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला.

हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, कारण प्रत्येक माणूस मरतो तेव्हा त्याचं हृदय आणि श्वास बंद पडतोच. म्हणूनच ते निरुपयोगी आहे. माणूस कशाने गेला, असं विचारल्यावर 'मरण आल्यामुळे' असं उत्तर देण्यासारखं ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार मृत्यूची ही अवस्था कारण म्हणून लिहायची नसते. प्रमाणपत्रात कारणांची साखळी हवी असते. वरच्या ओळीत मृत्यूला थेट कारण ठरलेली गोष्ट, त्याखाली ती कशामुळे झाली, त्याखाली ते कशामुळे, असं करत मूळ कारणापर्यंत जायचं. हातभार लावणारे इतर आजार वेगळ्या भागात.

मण्यार चावल्याचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. सूज नसते, दातांच्या खुणाही कित्येकदा सापडत नाहीत. पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वेळेवर सर्पविषरोधक लस आणि कृत्रिम श्वास मिळाला तर असा माणूस बरा होऊन घरी जातो. नाही मिळाला तर जातो. या मृत्यूची साखळी अशी: श्वसनाच्या स्नायूंचा पक्षाघात, तो मण्यारीच्या विषामुळे, दंश घरात जमिनीवर झोपलेला असताना झाला. या तीन ओळींऐवजी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं की साप कागदावरून नाहीसा होतो.

साप नाहीसा झाला की पुढचं बरंच काही नाहीसं होतं. शेतकरी कुटुंबासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास तिच्यातून दोन लाख रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी मृत्यू सर्पदंशाने झाला हे कागदावर दिसायला हवं. ओडिशात एका बापाने सर्पदंशाने गेलेल्या मुलासाठी सानुग्रह मदत मागितली, तेव्हा शवविच्छेदनाचा अहवाल न्यायाधीशांनाही वाचता आला नाही. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरला व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर होऊन तो वाचून दाखवावा लागला. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने चिठ्ठ्या आणि शवविच्छेदन अहवाल सुवाच्य किंवा मोठ्या अक्षरांत लिहिण्याचे आदेश राज्यभरासाठी दिले. त्या बापाची अडचण डॉक्टरच्या अक्षराने वाढवली होती.

एका घराचं हे झालं. देशाचंही असंच होतं. भारतात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यातल्या केवळ १८ लाखांच्या आसपास मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे का गेले, हे सरकारी कागदावर नाही. आहेत त्या प्रमाणपत्रांतही पोकळ शब्द भरले तर आरोग्य खात्याने औषधं, माणसं आणि पैसा कुठे पाठवायचा हे कशावरून ठरवायचं? सर्पदंशाने देशात नेमके किती लोक मरतात, हे रुग्णालयांच्या कागदांवरून कळत नव्हतं. ते कळलं घरोघर जाऊन. प्रशिक्षित लोकांनी नातेवाइकांना मृत्यूपूर्वीच्या लक्षणांबद्दल विचारलं आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवलं. अशा पाहणीवर आधारलेला अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं.

नीट लिहिलेल्या कारणातून काय घडू शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंची कारणं आईवडिलांना विचारून ठरवण्याची पद्धत बसवली आणि तिचे निकष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. मूल 'असंच गेलं' हे उत्तर त्यांनी स्वीकारलं नाही. न्यूमोनिया, जन्मतः श्वास न घेणं, जंतुसंसर्ग, कमी वजन अशी कारणांना नावं मिळाली. नाव मिळालं म्हणून उपाय शोधता आला, आणि तो गावातल्या प्रशिक्षित बाईच्या हाती देता आला. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या या पद्धतीने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

नंदुरबारसाठी हा धडा फार जवळचा आहे. न्यूमोनियाने गेलेल्या बाळाच्या प्रमाणपत्रात 'तीव्र कुपोषण' हे शब्द आले नाहीत, तर कुपोषण कागदावर तेवढं कमी होतं. प्रत्यक्षात ते कमी होत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या कागदावर नुसतं 'रक्तक्षय' लिहिलं, तर पुढचा डॉक्टर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळा होईल आणि भावंडांची तपासणी करायचं कोणाला सुचणार नाही. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने गेलेल्या बाईच्या कागदावर 'हृदय बंद' असेल, तर त्या रुग्णालयात रक्तसाठा का नव्हता, हा प्रश्नच उभा राहत नाही.

डॉक्टर असं का लिहितात, हेही समजून घ्यायला हवं. रात्रीची ड्युटी असते, बाहेर नातेवाईक रडत असतात, शववाहिका थांबलेली असते. रुग्ण येऊन तासही झालेला नसतो, तपासण्या झालेल्या नसतात. चौकशीची भीती असते. अशा वेळी कधीच खोटं न ठरणारं वाक्य सुरक्षित वाटतं. पण त्यालाही प्रामाणिक पर्याय आहे. खात्री नसेल तर 'बहुधा' असं लिहून आपलं मत द्यावं. काहीच कळलं नसेल तर 'कारण अज्ञात' लिहावं. 'अज्ञात' हा शब्द निदान पुढच्या माणसाला शोध घ्यायला सांगतो.

सवय सुटते कशी?

सवय म्हणजे विचार न करता होणारी कृती. म्हणून परिपत्रक वाचून ती सुटत नाही. लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. यातून कामाच्या गोष्टी निघतात. एका वेळी एकच सवय धरावी. जुनी नुसती सोडू नये, तिच्या जागी दुसरी बसवावी: 'यू' ऐवजी पूर्ण 'युनिट', 'ओडी' ऐवजी 'रोज सकाळी एक'. आणि ती रोजच्या ठरावीक क्षणाला बांधावी. उदाहरणार्थ, सही करण्याआधी पेन उचलून औषधाचं नाव आणि मात्रा एकदा वाचायची.

सर्वांत चांगला तपास दुसऱ्याच्या डोळ्यांनी होतो. लिहिलेला कागद सिस्टरला मोठ्याने वाचायला सांगावा. त्या जिथे अडखळतात तिथे पुन्हा लिहावं. वॉर्डात आठवड्यातून एकदा चार मृत्यू प्रमाणपत्रं एकत्र बसून वाचली आणि प्रत्येकाला 'हे कशामुळे?' एवढाच प्रश्न विचारला, तरी महिन्याभरात फरक दिसेल. संगणकावर चिठ्ठी छापली की सगळं मिटेल, असं समजणं मात्र चूक आहे. अक्षर सुधारतं, पण कालची नोंद उचलून आज चिकटवायची नवी सवय लागते आणि थांबवलेलं औषध आठवडाभर छापून येत राहतं.

तुम्ही काय करू शकता?

चिठ्ठी हातात आली की तिथेच वाचून बघा. नाव लागत नसेल तर 'डॉक्टरसाहेब, हे जरा सुटं करून लिहा' असं म्हणा. तो तुमचा हक्क आहे. प्रत्येक औषधाबाबत तीन गोष्टी विचारा: कशासाठी, दिवसातून किती वेळा, किती दिवस. इन्सुलिन, थायरॉईड, मेथोट्रेक्सेट आणि लहान मुलांची औषधं यांची मात्रा तोंडी वदवून घ्या आणि मेडिकलमधून घेताना पुन्हा पडताळा. गावाबाहेर कामाला जाताना जुने कागद, सिकलसेल कार्ड असल्यास तेही, बरोबर ठेवा आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा.

घरात मृत्यू झाल्यावर कागद बघायचं कोणाला सुचत नाही, तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. कारणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला शुल्क न घेता द्यायची आहे. ती मागून घ्या. तिच्यावर फक्त 'हृदय बंद पडलं' असं असेल, तर शांतपणे विचारा, 'पण ते कशामुळे बंद पडलं?'

हा प्रश्न ऐकून कोणत्याही डॉक्टरने रागवायचं कारण नाही. पुढचा रुग्ण वाचवायचा तर याच प्रश्नाचं उत्तर लागतं.